नाकाच्या शेंड्यावरचा गेरू

डॉक्टरीणबाईंनी सलाईनमध्ये कापूस भिजवला आणि यांच्या नाकाच्या शेंड्यावरचा गेरू पुसायला घेतला. गेरू वाळून त्याची जाड खपली झाली होती, सहज सुटेना. बाईंनी घाई केली नाही. खपली निघाली तेव्हा खाली बारीक फोडांचा एक पुंजका दिसला, अर्धवट सुकलेला. बाई थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"नाकावरचे हे फोड कधी आले?"

मी म्हटलं, "मला कसं कळणार? तिथे गेरू होता."

मग त्यांनी यांच्या उजव्या डोळ्यात नारिंगी थेंब टाकले, हनुवटी यंत्रावर ठेवायला लावली आणि निळ्या उजेडात बुबुळ पाहिलं. खूप वेळ पाहिलं. खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "हर्पीस झोस्टर ऑफ्थॅल्मिकस. म्हणजे नागीणच, पण डोळ्याच्या नसेवरची. नसेची जी फांदी नाकाच्या शेंड्याला येते, तीच आत डोळ्याला जाते. नाकावर फोड दिसला की आम्ही डोळ्यासाठी धावतो. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत गोळी सुरू झाली असती तर..."

डॉक्टर लोक अर्धं वाक्य आपल्याकडे सोडतात, उरलेलं आपण घरी जाऊन पुरं करायचं. मी ते अजून करते आहे.

आमचे हे वसईच्या डेपोत ड्रायव्हर. लाल गाडी चालवायचे. आमचं मूळ गाव संगमेश्वराकडचं, पण लग्न झाल्यापासून आम्ही गोखिवऱ्यातच. सासूबाई आमच्याजवळ असतात. मी सातिवलीला चेन बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होते. चेन म्हणजे पर्सला, पँटला असते ती. यांना डेपोत सगळे नाना म्हणतात. हा माणूस गाडीशिवाय कशातच रमला नाही. सुट्टीच्या दिवशीही स्टँडवर जाऊन उभा राहायचा. मी टोमणा मारायचे, "सवत परवडली, निदान ती घरी बसते." ते हसायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. उन्हाळ्यात एक दिवस ड्युटीवरून आले ते कपाळ धरूनच. उजव्या भुवईच्या वर आग होते म्हणाले. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, दिवसभर गरम वारा तिथेच लागतो, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. बाम चोळला. दुसऱ्या दिवशी आग वाढली, केसांतून कंगवा फिरवू देईनात. त्याच्या पुढच्या सकाळी कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर लाल चट्टे आणि त्यांवर पाण्याने भरलेले फोड. अगदी अर्ध्यावर थांबलेले. कपाळाच्या मधोमध कोणी रेघ ओढली असावी तसे. डावी बाजू स्वच्छ.

हे एक वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, बाकी माझं रडगाणं विसरलात तरी चालेल: एकाच बाजूला आग, आणि मग त्याच बाजूला फोड, तर ती नागीण. आणि ती तोंडावर असेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही.

मी तेच म्हटलं होतं. नागीण आहे हे मला कळलं नव्हतं, पण डोळ्याच्या इतक्या जवळ आहे तर डोळ्याच्या डॉक्टरला दाखवू, एवढी अक्कल मला होती. हे ऐकेनात. का ऐकेनात ते सांगते, कारण आमच्या घराची सगळी राख त्या एका भीतीने केली.

ड्रायव्हर लोकांत एक बोली आहे: डोळ्याचा कागद झाला की गाडी गेली. वर्षाची तपासणी असते, तिथे मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत वाचायचं. तेवढं निभावलं की झालं. मध्येच आपणहून डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलं की केसपेपर निघतो, तो केसपेपर डेपोत कळतो, साहेब तपासणीला पाठवतात, आणि मग परत स्टिअरिंगवर बसू देतील की नाही ते देवाला ठाऊक. म्हणून चाळिशी लागलेला ड्रायव्हरही चष्म्याचं नाव काढत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच. डोळा वाचवायला गेलं तर गाडी जाईल, म्हणून हा माणूस डोळा वाचवायला गेलाच नाही.

यांचा कंडक्टर गावकर त्या दिवशी घरी आला. चट्टा बघून म्हणाला, "नाना, ही नागीण. वसई गावात होळी बाजाराकडे एक बाबा आहे, गेरू लावतो. माझ्या मेव्हण्याची कमरेची तिथेच उतरली. ना कागद, ना शिक्का. रजा टाका आणि गप घरी बसा."

सासूबाईंनी लगेच मान डोलावली. "अगो, नागीण डॉक्टरला कळत नाही. तिची दोन तोंडं जुळली की माणूस हातचा जातो. आधी तिला बांधून घ्यायला हवी."

मी म्हटलं, "अहो, डोळ्याशी खेळ नको. बांधून घ्यायचीच तर दोन्ही करा. आधी दवाखाना, मग बाबा."

"तू गप्प बस," हे म्हणाले. या माणसाने जन्मात मला कधी गप्प बस म्हटलं नव्हतं. वेदनेने बोलत होते की भीतीने, देव जाणे.

होळीचा बाबा म्हणजे भाजीची वाडी करणारा साधा म्हातारा. पैसे घेत नाही. त्याने गेरू दुधात उगाळला, दूर्वांच्या काडीने कपाळावरच्या फोडांभोवती वेढा काढला, आणि नागिणीने पुढे जाऊ नये म्हणून नाकाच्या शेंड्यापर्यंत रेघ ओढून शेंड्यावर एक जाड टिळा दिला. रोज सकाळी नवा थर. अट एकच. गेरूला पाणी लावायचं नाही, पुसायचा नाही, आणि ती उतरेपर्यंत इंग्रजी औषध पोटात घालायचं नाही.

त्या टिळ्याखाली फोड उगवत होते. जगात ज्या एका जागेवरचा फोड बघून डॉक्टर उठून उभा राहिला असता, नेमकी तीच जागा आम्ही रोज लिंपत होतो.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने आमच्या गोखिवऱ्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरला नाही तर नाही, निदान हे डॉक्टर तरी बघतील. ते आले, पाहिलं, म्हणाले, "नागीण आहे. हा गेरू जरा पुसता का, नीट बघतो."

सासूबाई आडव्या आल्या. "गेरूला हात लावू नका. लागलं तर मी तुमच्या पाया पडते."

डॉक्टर हसले. "राहू दे, राहू दे. श्रद्धेच्या आड मी येत नाही." दिसलं तेवढं पाहिलं. फोड कपाळापुरते आहेत, डोळ्याला काही नाही म्हणाले. दुखण्यावरची गोळी आणि शक्तीची गोळी लिहून दिली. जाताना जिन्यात मी विचारलं, "डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊ का?" तर म्हणाले, "लाली आली तर बघू."

त्या माणसाचा मला बाबापेक्षा जास्त राग येतो. बाबाला ठाऊक नव्हतं. या डॉक्टरांना ठाऊक होतं. एका ओल्या कापसाचं काम होतं.

लाली आली. पापणी सुजून डोळा बंद झाला. उजेड सहन होईना, खिडक्यांना चादरी लावल्या. तरी सासूबाईंचं एकच, वेढा पुरा होऊ दे. शेवटी एका सकाळी यांनी पापणी बोटांनी उघडून समोरचं कॅलेंडर बघितलं आणि मला हाक मारली. "अगं, महिन्याचं नाव दिसत नाही." मग कोणाला विचारलं नाही. गेरूसकट यांना रिक्षात बसवलं आणि मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. वरातीमागून घोडं.

दवाखान्यात यांना ठेवून घेतलं. अॅसायक्लोव्हिर नावाच्या मोठ्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, त्याच औषधाचं डोळ्यात मलम, डोळ्यातला दाब कमी करायला थेंब, सूज उतरायला वेगळे थेंब. उशीर झाला तरी देऊ, नवे फोड अजून येताहेत, थोडा उपयोग होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडा.

मी बाहेरच्या बाकावर बसून असायचे. एका दुपारी बाई राउंड संपवून तिथून चालल्या होत्या. मी अडवलं. म्हटलं, "बाई, मला दहावीपर्यंत शिकवलंय. मला नीट समजावून सांगा. हे आलं कुठून? आमच्या शेजारीपाजारी कोणाला नागीण नव्हती."

त्या बसल्या. त्यांचं हे ऋण मी मानते, उभ्या उभ्या उडवून लावलं नाही. विचारलं, "लहानपणी यांना कांजिण्या आल्या होत्या?"

आल्या होत्या. सासूबाई नेहमी सांगायच्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, आणि बरं वाटल्यावर देवीला दहीभात दाखवून तिची पाठवणी केली.

"ती गेलीच नाही," बाई म्हणाल्या. "अंगावरचे फोड सुकले, पण व्हायरस नसांमधून वर चढला आणि कानाच्या पुढे, कवटीच्या आत नसेची एक गाठ असते, तिथल्या पेशींमध्ये जाऊन झोपला. चाळीस-पन्नास वर्षं झोपतो. वय होतं, माणूस थकतो, अंगातला पहारा ढिला पडतो, की उठतो आणि त्याच नसेवरून खाली उतरतो. ज्या नसेवर असेल तिथेच फोड. म्हणून अर्ध्या कपाळावर रेघ."

म्हणजे मी लग्न करून आले तेव्हा तो यांच्या डोक्यात होता. बस चालवताना होता. सासूबाईंनी दहीभात दाखवून पाठवणी केली तिला, आणि ती घरातच.

मग मी विचारलं, की गोळी आधी दिली असती तर काय वेगळं झालं असतं? बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर माझं.

व्हायरसला स्वतःचं असं काही नसतं. खाणं नाही, हातपाय नाहीत, चूल नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीला कामाला लावतो: माझ्यासारखे आणखी कर. पेशी बिचारी स्वतःचं काम सोडून त्याच्याच नकला काढत बसते, आणि शेवटी फुटते. पेशीच आपली असल्यामुळे व्हायरसला मारायला जावं तर आपणच मरतो, म्हणून कित्येक वर्षं डॉक्टरांकडे याच्यावर काही नव्हतं. जंतूंवरची औषधं याला लागत नाहीत.

मग कोणीतरी शोधून काढलं, की हा व्हायरस येताना स्वतःचं एक हत्यार घेऊन येतो. एन्झाइम म्हणतात, म्हणजे कामं घडवून आणणारा पदार्थ. अॅसायक्लोव्हिरची गोळी पोटात गेली की सगळ्या अंगात फिरते, पण चांगल्या पेशीत ती नुसती पडून राहते. जिथे व्हायरस कामाला लागलेला आहे तिथे त्याचंच ते एन्झाइम गोळीला जागं करतं. मग नक्कल काढताना व्हायरस जी लांब साखळी विणतो, तिच्यात हा खोटा तुकडा बसतो, आणि त्याच्यापुढे साखळी जात नाही.

हे मला पटकन कळलं. आमच्या कारखान्यात चेनमध्ये एक दात खोटा बसला की रनर तिथे अडकतो, पुढचे दात कितीही चांगले असोत. अशा चेन मी रोज बाजूला काढत होते.

"पण म्हणूनच ती वेळेवर द्यावी लागते," बाई म्हणाल्या. "विणकाम चालू असतानाच गोळी अडवू शकते. विणून झालं, पेशी फुटल्या, बुबुळावर डाग पडला, मग गोळी अडवणार काय? झालेलं ती उसवत नाही. आणि नसेत परत जाऊन झोपलेल्या व्हायरसला ती मारतही नाही."

माझ्या कडवटपणाचं मूळ इथे आहे. औषध नसतं तर मी नशीब म्हटलं असतं, हात जोडले असते. औषध होतं. मी नंतर जाऊन विचारलं, आमच्या इमारतीखालच्या केमिस्टकडे फळीवर होतं. कुठल्या तरी लांबच्या देशात शहाण्या माणसांनी जन्म घालवून व्हायरसला त्याच्याच हत्याराने अडवायची युक्ती काढली, ती गोळी तिथून गोखिवऱ्यापर्यंत आली, आमच्या जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबली, आणि वर आम्ही गेरू उगाळत होतो.

घरी आलो तेव्हा फोड गेले होते. डोळा राहिला, नजर गेली. बुबुळावर दुधाळ पडदा. बदलता येईल का, तर बाई म्हणाल्या, या डोळ्याची स्पर्शाची जाणीव गेली आहे, नवं बुबुळ टिकायचं नाही. आणि एवढ्यावर संपलं नाही. फोड गेल्यावरही कपाळातली कळ राहिली. पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया, म्हणजे आग विझल्यावरही नस जळतच राहते. पंख्याचा वारा लागला तरी हे ओरडायचे. उशीला कपाळ टेकवत नसत, बसून झोपायचे. दोन पावसाळे तसे गेले.

सासूबाई म्हणाल्या, "वेढा पुरा होऊ दिला असतास तर उतरली असती." मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत आपटली. त्या दिवसापासून आम्ही एका घरात दोघी आहोत, एवढंच.

मी होळीलाही गेले. भांडायलाच गेले. म्हातारा वाफ्यात बसून मुळ्यांच्या जुड्या बांधत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाय, मी कोनाला बोलवाला जात नाय. येतात, लावतो. पानी लावू नको सांगतो. माझ्या बापानं शिकवलं ते करतो. बरी होतात मानसं. आजवर भांडायला तूच आलीस."

"ती आपोआप बरी होतात," मी म्हटलं. "नागीण आपली आपण सुकते. गेरू लावा नाहीतर चिखल लावा. डोळ्यात गेली की मात्र डोळा घेऊन जाते."

त्याने जुडी खाली ठेवली. "हे मला कोनी सांगितलं नाय," म्हणाला. खोटं बोलत नव्हता. मला आणखी राग आला. भांडायला गेलेल्या माणसाला समोर खरा शत्रू तरी मिळायला हवा. मिळाला नाही.

डेपोत तपासणी झाली. एका डोळ्याच्या माणसाला बस देत नाहीत, द्यायलाही नको, हे मलाही समजतं. यांना कंट्रोल केबिनमध्ये माईकवर बसवलं. कुठली गाडी कुठे लागली ते सांगायचं. काळा चष्मा लावून दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांची नावं घेतात. सुट्टीच्या दिवशी आता घरीच असतात. सवत गेली म्हणून मी काही पेढे वाटले नाहीत.

नागिणीबद्दल हे कधी बोलले नाहीत. डोळ्याबद्दल तर नाहीच. मग एका संध्याकाळी फ्रान्सिस आला. तोही ड्रायव्हर, वसईच्या गावातलाच, यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. डोक्याला रुमाल बांधलेला.

"वहिनी, नाना आहेत?" आणि आत येऊन यांना म्हणाला, "नाना, त्या होळीच्या बाबाचा पत्ता पाहिजे होता. आई बोलली, तुम्ही गेला होता."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

हे म्हणाले, "रुमाल काढ."

डावं कपाळ, डावी पापणी. फोड सकाळचेच होते.

"डॉक्टरकडे जा."

"नाना, तुम्हाला तर माहिती आहे. डोळ्याचा कागद झाला की गाडी गेली."

यांनी चष्मा काढला. आमच्याकडे पाहुणा असताना यांनी चष्मा काढल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. तो पांढरा डोळा फ्रान्सिसच्या समोर धरला आणि म्हणाले, "माझा कागद झाला नव्हता. तरी गेली."

हे उठले, शर्ट चढवला, त्याचं मनगट धरलं आणि दोघं तसेच खाली उतरून गेले. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरने तपासलं आणि पहिली गोळी पोटात पडली. दुसऱ्या दिवशी हे स्वतः साहेबांकडे गेले आणि काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण फ्रान्सिसची रजा मंजूर झाली. महिन्याच्या आतच तपासणीत पास होऊन तो गाडीवर परतला. पापणीवर एक बारीक वण आहे, बाकी काही नाही.

त्याच्या आईने चर्चमध्ये आभाराची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगितली. आमच्याकडे घरची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पाठवली, केळीच्या खोडाच्या सोपात बांधून. फ्रान्सिस म्हणतो, नाना माझे देव आहेत. त्याची गाडी स्टँडवरून सुटते तेव्हा केबिनसमोर दोनदा हॉर्न वाजतो, आणि हे आतून हात वर करतात. मला हे गावकरने सांगितलं.

अशा जागी लिहिणारे लिहितात, की एक डोळा गेला पण दुसऱ्याचा वाचला, देवाने त्यासाठीच आम्हाला निवडलं. मी तसं लिहिणार नाही. वाचला ते बरं झालं. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार, ज्यांनी ती गोळी शोधली त्यांचे उपकार. पण तीच गोळी, तोच केमिस्ट, तोच जिना. यांचं मनगट धरून खाली नेणारं कोणी नव्हतं. मी धरायला गेले तर गप्प बस म्हणाले.

सुकेळी आली त्या संध्याकाळी यांनी पुडा सोडला. एक तुकडा सासूबाईंना दिला, एक स्वतः खाल्ला, एक माझ्यापुढे धरला.

"घे. गोड आहेत," म्हणाले.

मी घेतला. ओट्यावर ठेवला. रात्री झाकपाक करताना पाहिलं, तर त्याला मुंग्या लागल्या होत्या.